वरचा मजला, खालचा मजला आणि आपलं गप्प राहणं

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात फ्लॅट घेणारी ही पहिली पिढी आहे. आई-वडिलांनी वाड्यात, चाळीत, मोहल्ल्यातल्या बैठ्या घरात आयुष्य काढलं. आपण तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आलो. फ्लॅटबरोबर कर्जाचा हप्ता येतो, मेंटेनन्स येतो आणि डोक्यावर दुसऱ्या कुणाची तरी फरशी येते. ती फरशी रात्री साडेअकराला धडधडायला लागली की काय करायचं, हे मात्र कुणी शिकवलेलं नसतं. हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. वरच्या मजल्याच्या आवाजाबद्दल आपण कसं बोलतो, किंवा बोलतच नाही, यावरून आपण स्वतःला कितपत नागरिक समजतो ते कळतं, असं माझं मत आहे.

दोन घरं मला जवळून माहीत आहेत. एक माझं, हडपसरच्या बाजूला. अठ्ठेचाळीस फ्लॅटची सोसायटी, त्यात आम्ही धरून दोन मुस्लिम कुटुंबं. दुसरं माझ्या खालाचं, कोंढव्यात. तिथे अख्ख्या इमारतीत जवळजवळ सगळे मुस्लिम. माझ्या घराच्या वर रात्री अकरानंतर पलंग सरकवला जायचा, खुर्च्या ओढल्या जायच्या, मुलं हॉलमध्ये छोटी सायकल चालवायची. खालाच्या घराच्या वर शिलाई मशीन चालायचं. मोटर लावलेलं, रात्री एक-दीडपर्यंत.

मी तक्रार करते म्हटल्यावर अब्बा म्हणाले, ‘‘जाने दे बेटा. अपने कू यहाँ रहना है. कल को बोलेंगे, मुसलमान आए और झगडे शुरू हुए.’’ खालाने तोंड उघडलं तेव्हा खालूजान म्हणाले, ‘‘अपनेच लोगां हैं. सब्र कर.’’

पहिल्या वाक्यात भीती आहे, दुसऱ्यात लाज. एकीकडे आपण परके ठरू म्हणून बोलायचं नाही, दुसरीकडे सगळे आपलेच म्हणून बोलायचं नाही. मिश्र वस्तीत असो वा आपल्या वस्तीत, निकाल एकच: खालच्या मजल्यावरच्याने झोप सोडायची. आणि या दोन्ही संभाषणांत आवाज किती, कधी, कशाचा, यावर कुणी बोललंच नाही.

अब्बांची भीती उगाच आलेली नाही, हे आधी मान्य करू. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली किती कुटुंबं मुंब्र्याला गेली, ते आपल्या घरांत सांगितलं जातं. मुस्लिमांना मिश्र वस्तीत घर मिळवताना अडचणी येतात, याची नोंद सच्चर समितीने २००६च्या अहवालात केली. एखाद्या सोसायटीने आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा नियम केला तर तो चालतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात दिला. जून २०२३ मध्ये बकरीदच्या तोंडावर मीरा रोडच्या एका संकुलात बोकड आणल्यावरून जमाव जमला, घोषणा झाल्या, पोलीस आले. घरातली गोष्ट दारापर्यंत आणि दारातली गोष्ट धर्मापर्यंत जायला आपल्याकडे वेळ लागत नाही.

पण त्यातूनच उलटाही मुद्दा निघतो. भाडेकरू कंटाळला तर घर सोडून जातो. घरमालकाला ते जमत नाही. मुद्रांक शुल्क भरलेलं असतं, हप्त्याची वीस वर्षं बाकी असतात. आणि मुस्लिम घरमालकाला तर दुसरं घर मिळण्याचीच पंचाईत. म्हणजे निघून जाणं हा उपाय आपल्यासाठी इतरांहून महाग आहे. ज्याला निघून जाता येत नाही त्याने राहायचं कसं हे ठरवायला हवं. आणि तोंड दाबून राहिलेला माणूस कायमचा गप्प राहत नाही. सहा महिने छताकडे बघत जागलेला माणूस एका रात्री झाडूच्या दांड्याने छत ठोकतो, किंवा वर जाऊन दार बडवतो. मग जे भांडण होतं त्यात आवाजाचा विषय कुठल्या कुठे जातो. अब्बांना जे नको होतं तेच गप्प राहण्यातून घडू शकतं. वेळेवर, नेमकी, शांतपणे केलेली तक्रार भांडण टाळते. म्हणून ती आपल्याला यायला हवी.

आवाज नेमका कशाचा

आधी आवाज समजून घेऊ, कारण अर्धा राग गैरसमजातून येतो.

वरून येणारे आवाज दोन प्रकारचे. टीव्ही, गाणी, मोठ्याने बोलणं हे हवेतून येतं: खिडकीतून, डक्टमधून, जिन्यातून. पावलं, ओढलेली खुर्ची, पडलेला चेंडू, ओट्यावरचा मिक्सर, खलबत्ता, शिलाई मशीन यांचा धक्का थेट स्लॅबमध्ये जातो. आपल्या इमारतींतला स्लॅब साधारण पाच-सहा इंचांचा असतो, त्यावर टाइल्स चिकटवलेल्या. मधे मऊ थर काही नसतो. त्यामुळे स्लॅब ढोलासारखा वाजतो. वरच्या माणसाला स्वतःच्या खुर्चीची साधी खरखर ऐकू येते. खालच्याच्या डोक्यात तीच घणासारखी बसते. वरच्याला खरोखर कल्पना नसते, असं पुष्कळदा घडतं. ‘मुद्दाम करतात’ हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा.

यातून आणखी एक गोष्ट निघते. धक्क्याच्या आवाजाचा इलाज वरच्या घरात असतो, खालच्या घरात फारसा नसतो. खाली पीओपीचं छत लावून घेतलं तर पैसे जातात आणि पावलं तरी ऐकूच येतात, कारण धक्का भिंतींतूनही उतरतो. याउलट वर खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, मुलं खेळतात तिथे जाड सतरंजी किंवा फोमची मॅट, मिक्सरखाली रबराचा तुकडा, एवढ्याने खूप फरक पडतो. हे सगळं मिळून एका महिन्याच्या मेंटेनन्सपेक्षा फार जास्त नसतं. म्हणून वर जाताना ‘आवाज बंद करा’ असं सांगण्यापेक्षा ‘खुर्च्यांना टोप्या लावाल का’ असं विचारणं बरं. पहिल्या वाक्याला नाही म्हणणं सोपं असतं. दुसऱ्याला नाही म्हणायला कारण शोधावं लागतं.

बोलायचं कसं

मी केलं ते सांगते. त्यात काही विशेष नाही, कुणालाही जमेल.

दोन आठवडे एका वहीत नोंद ठेवली: तारीख, वेळ, आवाज कशाचा, किती वेळ. दुसऱ्याच आठवड्यात लक्षात आलं की रोज त्रास होतो असं मला वाटत होतं, पण तो बहुतेक शुक्रवार-शनिवारी होता आणि पलंग सरकवण्याची वेळ जवळजवळ ठरलेली होती. मग एका रविवारी सकाळी अकराला वर गेले. आवाज चालू असताना वर जायचं नाही, हा माझा पहिला नियम. त्या वेळी आपण झोपमोडीने तापलेले असतो आणि समोरचा घरातल्या कपड्यांत, पाहुण्यांसमोर, पकडल्यासारखा होतो.

वरच्या काकू म्हणाल्या, ‘‘अगं, सासूबाईंचं पाठीचं दुखणं आहे. रात्री पलंग भिंतीपासून ओढून त्यांना फिरवावं लागतं. खाली एवढं येतं हे कुणी बोललंच नाही.’’ सायकलीबद्दल त्या थोड्या फणकारल्या. लहान मुलं आहेत, बांधून ठेवायची का, म्हणाल्या. मी सायकल बंद करा म्हटलंच नव्हतं. दहानंतर नको, एवढंच म्हटलं. पलंगाच्या पायांखाली त्यांनी फेल्टचे तुकडे लावले. सायकल अजून अधूनमधून चालते. पण आता मला खाली बसून वर काय चाललंय त्याच्या गोष्टी रचाव्या लागत नाहीत.

खालाच्या घरचं प्रकरण जास्त अवघड होतं, कारण वरच्या बाईंचं पोट त्या मशीनवर होतं. कारखान्यातून कापलेले तुकडे यायचे, सकाळी शिवून द्यायचे. अशा ठिकाणी फक्त नियम सांगणं मला क्रूर वाटतं. पण खालाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, फजरला उठायचं होतं आणि झोप चार तासांवर आली होती. तिचा त्रासही खराच. शेवटी दोघी बसल्या, पुरुषांना बाजूला ठेवून. मशीन खालाच्या झोपायच्या खोलीच्या वरून उचलून स्वयंपाकघराच्या वर गेलं, खाली जाड रबर आलं आणि मोटरचं काम अकरापर्यंत, पुढे हातशिलाई व काजे-बटणं, असं ठरलं. हे आदर्श नाही. पण दोघींनी आपापला त्रास शब्दांत मांडला आणि दोघींच्या पदरात काहीतरी पडलं. ‘सब्र कर’ने तेवढंही झालं नव्हतं.

एक सूचना आग्रहाने: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा विषय काढू नका. ग्रुपवर तक्रार टाकली की ती तक्रार राहत नाही, तमाशा होतो. चाळीस जण बघतात, चार जण अंगठा दाखवतात आणि एकजण हमखास म्हणतो, ‘‘हल्ली सोसायटीत कोण कोण राहायला आलंय!’’

बोलून झालं नाही तर

सगळेच शेजारी त्या काकूंसारखे नसतात. काही जण दार उघडत नाहीत, काही जण मुद्दाम आवाज वाढवतात. तिथे पुढची पायरी लेखी आहे.

महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सोसायट्या १९६०च्या सहकारी संस्था कायद्याखाली चालतात आणि प्रत्येकीला उपविधी असतात. बहुतेकींनी सरकारचे आदर्श उपविधी घेतलेले असतात. इतर सभासदांना त्रास होईल असं काही सभासदाने आपल्या फ्लॅटमध्ये करू नये, हे त्यांत लिहिलेलं आहे. सभासदाने लेखी तक्रार दिली तर कमिटीने पुढच्या बैठकीत निर्णय घ्यावा आणि त्यानंतर पंधरा दिवसांत तो कळवावा, हेही आहे. म्हणून सेक्रेटरींना जिन्यात गाठून सांगितलेली तक्रार ही तक्रार नव्हे. कागदावर द्या, वहीतल्या नोंदी जोडा, आपल्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. भाषा कोरडी ठेवा. ‘अत्यंत असंस्कृत कुटुंब’ लिहू नका. ‘अमुक तारखांना रात्री साडेअकरा ते सव्वाबारा’ लिहा.

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सहा. मर्यादेपेक्षा दहा किंवा अधिक डेसिबल जास्त आवाज असेल, किंवा रात्रीच्या बंधनांचा भंग होत असेल, तर तक्रार करता येते. वर फ्लॅटचं काम काढलं असेल तर ड्रिल आणि फरशी कापायचं यंत्र निवासी भागात रात्री चालवता येत नाही. मोठ्याने साउंड सिस्टीम लावून पार्टी चालली असेल तर ११२ला फोन करता येतो. शांततेचा हा अधिकार जगण्याच्या मूलभूत अधिकारातच येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भोंग्यांच्या प्रकरणात निकाल देताना तक्रारदाराची ओळख उघड होऊ देऊ नका, असंही पोलिसांना बजावलं. आपल्यासारख्यांना ही गोष्ट उपयोगाची आहे.

पण कायद्याची मर्यादाही ओळखा. मोबाइलच्या अ‍ॅपवर दिसणारा डेसिबलचा आकडा अंदाजासाठी ठीक, पुरावा म्हणून त्याचं फार वजन नाही. आणि लहान मुलाची पावलं, म्हाताऱ्या माणसाच्या काठीचा आवाज, रात्रपाळीहून येणाऱ्याची आंघोळ यांवर कुठलंही पोलीस ठाणं काही करणार नाही; करूही नये. तो माणसांच्या जगण्याचा आवाज आहे. सहकार खात्याचे उपनिबंधक संस्थेच्या कारभारावर लक्ष ठेवतात. दोन घरांमधल्या आवाजाचा निवाडा करणं हे त्यांचं काम नाही. खरोखर टोकाला गेलंच तर दिवाणी न्यायालयात मनाई मागता येते, पण त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जा. तिथे दाव्याआधीच समेटाचा प्रयत्न होऊ शकतो, आणि महिलांना तर उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. हे आपल्या आया-बहिणींपैकी किती जणींना माहीत आहे?

सब्र कुणी करायचा

आता खालूजानच्या वाक्याकडे येते. ‘सब्र’ हा आपल्याकडचा मोठा शब्द आहे आणि तो फार स्वस्तात वापरला जातो. ज्याला त्रास होतो त्यालाच सब्र सांगितला जातो. जो त्रास देतो त्याला कुणी काही सांगत नाही. दीनमध्ये मात्र गोष्ट अशी नाही. सूरह निसामध्ये आई-वडील, नातेवाईक, अनाथ यांच्या जोडीने जवळच्या आणि दूरच्या शेजाऱ्याशी चांगलं वागण्याचा हुकूम आहे. शेजाऱ्यावर मुस्लिम असण्याची अट तिथे नाही. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही त्याच्या ईमानबद्दल पैगंबरांनी किती कडक शब्द वापरले, ते बुखारी-मुस्लिम दोन्हींत आहे. हे हक्कुल-इबाद आहेत, माणसांचे हक्क. ते ज्याचे त्यानेच माफ करायचे असतात.

अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहातला एक प्रसंग तर या विषयावरचाच आहे. एक माणूस शेजाऱ्याची तक्रार घेऊन पैगंबरांकडे आला. त्यांनी आधी सब्र करायला सांगितलं. तो दोन-तीनदा आला. तेव्हा त्यांनी सांगितलं की घरातलं सामान बाहेर काढून रस्त्यावर ठेव. त्याने तसं केलं. येणारे-जाणारे विचारू लागले, तो कारण सांगू लागला, लोक त्या शेजाऱ्याला बोल लावू लागले. अखेर शेजारी स्वतः आला आणि म्हणाला, सामान आत घे, यापुढे माझ्याकडून त्रास होणार नाही.

मला यात तीन गोष्टी दिसतात. सब्र ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही. तक्रार करणाऱ्याला कुणी भांडखोर म्हटलं नाही. आणि इलाज मारामारीचा नव्हता; प्रश्न चारचौघांसमोर आणण्याचा होता. त्या काळी रस्ता होता, आज सोसायटीची कमिटी आणि सर्वसाधारण सभा आहे. त्यामुळे कुणी ‘सब्र कर’ म्हटलं तर अदबीने विचारा, की हे वरच्यांनाही सांगून आलात का?

आपणही कुणाच्या तरी वर राहतो

इथपर्यंतचं वाचून माना डोलावणं सोपं आहे. आता अवघड भाग. आपल्यापैकी बहुतेकांच्या खालीही कुणीतरी राहतं.

रमजानमध्ये पहाटे चारला आपल्या स्वयंपाकघरात दिवे लागतात. खालच्या पाटील काकांच्या घरी, किंवा रोजा न ठेवणाऱ्या आजारी शेजाऱ्याकडे, ती मध्यरात्र असते. सहरीची चटणी रात्री नऊला वाटून ठेवता येते. कणीक आधी मळता येते. तरावीहनंतर मुलं जागीच असतात, साडेअकराला जिन्यात पकडापकडी चालते. त्यांना खाली मोकळ्या जागेत थोडा वेळ घेऊन जाणं हे घरातल्या पुरुषांना जमण्यासारखं काम आहे. कुर्बानीचं गोश्त घरात तोडायचं तर लाकडाच्या ठोकळ्याखाली जाड गोधडी घालता येते, आणि सकाळी उशिरा तोडता येतं. घरात कुरआनख्वानी असेल तर माइकची गरज काय? मशिदीत एतिकाफला बसलेले असताना लोक मोठमोठ्याने कुरआन पढत होते, तेव्हा एकमेकांना त्रास देऊ नका, आवाज चढवू नका, असं पैगंबरांनी त्यांना सांगितल्याची हदीस आहे. तिथे तर सगळे एकाच इबादतीत होते.

आणि कुणी खालून तक्रार घेऊन आलं तर? आपल्यातल्या अनेकांची पहिली प्रतिक्रिया असते, ‘‘हमारे मजहब से जलते हैं.’’ कधी कधी ते खरंही असतं. पण प्रत्येक वेळी तसं म्हटलं, तर खऱ्या भेदभावाबद्दल बोलायची आपली पतही संपते. मी माझ्यापुरत्या दोन कसोट्या ठरवल्या आहेत. पहिली: तक्रारीत काय लिहिलंय? वेळ आणि आवाज लिहिला असेल तर ती आवाजाची तक्रार आहे. ‘तुमचे लोक’, ‘तुमचे सण’ लिहिलं असेल तर ती माझी तक्रार आहे, माझ्या असण्याची. दुसरी: हाच नियम बाकीच्यांना लागतो का? गणपतीच्या आरतीला, दांडियाला, थर्टी फर्स्टच्या पार्टीला, वाढदिवसाच्या डीजेला दहाची मर्यादा पाळली जाते आणि आपल्या घराला तीच सांगितली, तर पाळायची, बिनतक्रार. बाकी सगळ्यांना सूट आणि आपल्यालाच नोटीस, असं असेल तर तो भेदभाव आहे. तोही लेखी मांडायचा, तारखांसह. इतरांचे आवाज शांत झोपून सहन केले असतील तर त्या दिवशी आपल्या वहीत काहीच नोंद नसेल. न्याय मागायलाही आधीपासूनची नोंद लागते.

प्रार्थना करताना दुसऱ्याची शांतता मोडावी असं कुठलाही धर्म सांगत नाही, अशा आशयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. तो खटला एका चर्चचा होता. नियम सगळ्यांना सारखा, हे तत्त्व आपल्या गळ्याभोवतीचा फास नाही. कमी संख्येच्या माणसाला तोच आधार असतो. जिथे नियम नसतो तिथे संख्या चालते, आणि संख्या बहुतेक सोसायट्यांत आपल्याकडे नाही.

सभासद व्हा, नुसते राहू नका

शेवटी एक गोष्ट तरुण वाचकांसाठी, विशेषतः मुलींसाठी. दिवसभर वरचा आवाज सर्वांत जास्त कोण ऐकतं? घरात असणारी बाई, आजारी माणूस, परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा, रात्रपाळी करून दुपारी झोपणारा. आणि सोसायटीच्या सभेत कोण जातं? यांपैकी बहुधा कुणीच नाही. जातात ते पुरुष, जे रात्री दहाला घरी येऊन घोरत झोपतात. खालाने सभेत विषय काढायचं म्हटलं तेव्हा कळलं की शेअर सर्टिफिकेटवर तिचं नावच नाही. घर घेताना तिने दागिने मोडले होते, तरीही. घर घेताय किंवा घ्यायचं ठरवताय तर करारात आणि शेअर सर्टिफिकेटवर घरातल्या स्त्रीचं नाव असू द्या. कमिटीत महिलांसाठी राखीव जागा असतात. पुष्कळ ठिकाणी त्या नावापुरत्या भरल्या जातात. आपल्या मुली त्या खरोखर भरू शकतात.

वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. मिश्र सोसायटीत आपण त्या सभेला जात नाही, कारण परकं वाटतं. आपल्या सोसायटीत जात नाही, कारण सगळं ‘अंडरस्टँडिंग’वर चालतं. मग जे ठरतं ते आपल्याशिवाय ठरतं आणि वर्षभर आपण छताकडे बघतो. या वर्षी जा. पाण्याच्या टाकीवर बोला, लिफ्टवर बोला, पार्किंगवर बोला. ज्या माणसाला सभेत पाण्याबद्दल बोलताना लोकांनी ऐकलेलं असतं, त्याने आवाजाबद्दल तक्रार केली तर ती ‘मुसलमानाची तक्रार’ राहत नाही, चौतीस नंबरवाल्याची होते. सभेत असाही ठराव मांडता येतो, की रात्री दहा ते सहा शांतता, दुरुस्तीची कामं ठरावीक वेळेत, नव्याने राहायला येणाऱ्या प्रत्येकाला या नियमांची प्रत, आणि सणासाठी वेळ वाढवायची असेल तर सगळ्यांना एकच पद्धत. असा ठराव एकदा झाला की पुढे कुणाला कुणाचं दार वाजवून वाईटपणा घ्यावा लागत नाही.

आपण संविधानातल्या बंधुतेबद्दल भाषणं ऐकतो, प्रास्ताविका वाचतो, चळवळीच्या शिबिरांत त्यावर चर्चा करतो. मला वाटतं बंधुता ही खूप खालच्या पातळीवरची, रोजची गोष्ट आहे. माझ्या वर राहणाऱ्याला मी न घाबरता सांगू शकते की तुमचा पलंग वाजतो, आणि माझ्या खाली राहणारा मला न बिचकता सांगू शकतो की तुमचा मिक्सर वाजतो. दोघांपैकी कुणालाही आपला धर्म आठवत नाही. एवढं जमलं तर पुष्कळ झालं. आज संध्याकाळी सेक्रेटरींकडून आपल्या सोसायटीच्या उपविधींची प्रत मागून घ्या. सभासद म्हणून ती मागायचा आपल्याला हक्क आहे.